घाटखेडे मंडळीची नोंद क्रमांक ११४ आणि माझे तीन खणांचे घर

मी, पितांबर शिमोन सोनवणे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी शिक्षक व हल्ली पेन्शनर, राहणार मौजे घाटखेडे, तालुका शिरपूर, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या ओसरीवर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शिरपूरच्या डॉक्टरांनी खात्रीसाठी मला आजची तारीख, तालुक्याचे नाव आणि सतराचा पाढा विचारला. पाढा म्हणून झाल्यावर मी त्यांना एकोणतीसचा विचारला, तेव्हा त्यांनी दाखला लिहून दिला. उजव्या डोळ्याने धूसर दिसते आणि डाव्या कानाने कमी ऐकू येते. ज्यांचा समज आहे की मला मुळीच ऐकू येत नाही, त्यांनी माझ्यासमोर बरेच बोलून घेतले आहे, आणि ते सगळे माझ्या लक्षात आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी मला फूस लावलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझी पत्नी सुनंदाबाई सन १९८४ मध्ये वारली. मला दोन मुले आहेत. मुलगा जीवराम जळगावला पिंप्राळ्यात स्वतःच्या घरात राहतो व नोकरी करतो. मुलगी ताईबाई फैजपूरला दिली आहे. याशिवाय माझी सख्खी थोरली बहीण मयत भिकुबाई हिचा मुलगा उखर्डू, वय एक्कावन्न, हा याच गावात कोळीवाड्यात राहतो. त्याला एकच मुलगी, चमेली. उखर्डूचे नाव जवळच्या नातेवाइकांत पाहून जीवरामच्या भुवया वर जातील. जाऊ देत. पुढे वाचावे.

कलम १. शेत. गट नंबर माझ्या उताऱ्यावर आहे. दोन एकर कोरडवाहू, पाऊस झाला तर ज्वारी, नाही झाला तर कुसळे. हे शेत मी जीवरामला देतो. त्याला ते नको आहे हे मला माहीत आहे. गेल्या दिवाळीला तो सुनेला हळूच म्हणाला होता की शेतात दगडच जास्त आहेत. तो माझ्या उजव्या बाजूला बसला होता. बांधावरची दोन निंबाची झाडे माझ्या वडिलांनी लावलेली आहेत. ती तोडू नयेत, एवढीच विनंती. विनंती म्हणतो, अट म्हणत नाही, कारण अट घातली तर तो उद्याच कुऱ्हाड आणेल.

कलम २. पोस्टातली शिल्लक, सुनंदाबाईचे शिवणयंत्र व भिंतीवरचे घड्याळ ताईबाईला. घड्याळ रोज सहा मिनिटे पुढे जाते. सुनंदाबाईने ते कधी दुरुस्त करू दिले नाही. त्यामुळे मी शाळेत कधी उशिरा पोहोचलो नाही, असे ती सांगे. ताईबाईने ठरवावे.

कलम ३. बाजाची पेटी आमच्या चर्चच्या मंडळीला. तिचा तिसरा काळा सूर दाबला की वर येत नाही, तो बोटाने उचलावा लागतो. सायकल शाळेतल्या शिपायाला. ती त्याने पाच वर्षांपूर्वी उसनी नेली आहे, म्हणजे हे कलम फक्त कागदोपत्री आहे. पुस्तके आणि हिंदुस्थानचा जुना नकाशा शाळेला द्यावा. नकाशात अजून कराची आहे; मुलांना दाखवताना समजावून सांगावे.

कलम ४. चर्चची घंटा. ही माझी नाही, म्हणून मला देता येत नाही. पण तिच्याविषयी लिहून ठेवणे भाग आहे, कारण ज्यांना ठाऊक होते त्यांच्यातला आता मीच उरलो आहे.

घाटखेडे हे तापीच्या उत्तर काठावरचे दीडशे घरांचे गाव. संवत छप्पन्नच्या, म्हणजे सन १९०० च्या, दुष्काळानंतर इथे मिशनचे साहेब आले. त्यांनी आधी विहीर खणली, मग शाळा घातली, मग विटांची भट्टी लावून चर्च बांधले. माझे वडील त्या भट्टीवर होते. तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शिमोन झाले. उरलेल्या विटा साहेबांनी त्यांना दिल्या. चर्चच्या भिंतीला लागून असलेले आमचे घर त्याच विटांचे आहे. मंडळी भरात होती तेव्हा आसपासच्या पाच गावांतली मिळून चाळीस घरे आमच्या वहीत होती. आज सात आहेत. शिरपूरहून पाळक महिन्यातून एकदा येतात आणि दुपारच्या एसटीने परत जातात.

घंटा सन १९११ साली आली. नरडाण्याच्या स्टेशनवरून बैलगाडीने पलीकडच्या काठापर्यंत आणली, पुढे तापी. एका नावेला ते वजन झेपेना. कोळ्यांनी दोन नावा एकमेकींना बांधल्या, मधे फळ्या टाकल्या आणि घंटा अलीकडे आणली. साहेब भाडे देऊ लागले तर कोळ्यांनी घेतले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की ही तुमच्या देवासाठी वाजेल तशी नदीसाठीही वाजली पाहिजे. घाटाच्या पाचव्या पायरीला पाणी लागले की घंटा वाजवायची, मग कोणता वार आहे ते पाहायचे नाही. साहेबांनी हे मान्य केले आणि मंडळीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून सही केली. तो करार आजही चालू आहे. नव्या पाळकांनी मागे विचारले होते की पुराच्या वेळी चर्चची घंटा का वाजवायची. त्यांना पहिले पान दाखवावे.

इथेच एक जुने उणेदुणे काढून टाकतो. चुडामण पाटलांनी सन १९७४ मध्ये घाटाच्या दोन पायऱ्यांचे दगड काढून आपल्या गोठ्याला लावले. त्यामुळे पाचवी पायरी कोणती, हे पावसाळ्यात दर वेळी नव्याने मोजावे लागते. पाटील वारले, त्यांच्याशी माझे भांडण संपले. त्यांच्या मुलांनी दगड परत लावावेत. गोठा पडणार नाही. मी जाऊन पाहिला आहे.

कलम ५. नोंद क्रमांक ११४. खरे सांगायचे तर हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची लिहायला घेतली.

आमच्या भागात ज्या बाईची लेकरे जगत नाहीत, ती पुढचे लेकरू झाले की पाचव्या दिवशी त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवते. आधी सांगून ठेवलेली दुसरी बाई तिथून जाते, तिला ते लेकरू सापडते, ती ते सुपात घालून आपल्या घरी नेते. मग आई तिच्या दारात जाते आणि सूपभर धान्य देऊन ते विकत घेते. लेकराचे नाक टोचतात. नाव उखर्डू, भिकू, दगडू असे काहीतरी टाकाऊ ठेवतात. समजूत अशी की जे टाकून दिलेले आहे त्याच्याकडे मरण वळून पाहत नाही. आणि एक पथ्य कडक असते. आईने त्या लेकराला चारचौघांत माझे म्हणायचे नाही. म्हटले की मरणाला पत्ता लागतो.

माझी बहीण भिकुबाई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणत असे. तिचा नवरा निंबा हा आमच्याकडेच राही व नावेवर काम करी. त्यांची चार लेकरे एकामागून एक गेली. सगळ्यात मोठे अकरा महिन्यांचे होऊन गेले. पाचवा मुलगा सन १९४० च्या जानेवारीत झाला. त्याच आठवड्यात निंबा तापाने गेला. अक्का बाप्तिस्मा घेतलेली बाई, दर रविवारी उपासनेला बसणारी. पण पाचव्या दिवशी सकाळी तिने लेकरू आमच्या मागच्या उकिरड्यावर ठेवले. शेजारच्या कोळीवाड्यातल्या भागाबाईने ते उचलले. अक्काने बाजरी देऊन ते परत आणले. ती बाजरी आमच्याच कणगीतली होती आणि मी दारात उभा राहून हे सगळे पाहत होतो.

मार्च महिन्यात लेकराच्या बाप्तिस्म्याचा रविवार आला. मिशनचे तेव्हाचे साहेब हजर होते. मला मंडळीचा चिटणीस होऊन दोन महिने झाले होते. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला पाळक व्हायचे होते. साहेब मला शिकायला पाठवणार अशी बोलणी चालू होती, आणि आपण केवढे कडक आहोत हे दाखवायला मी टपून बसलो होतो. रिवाजाप्रमाणे मी वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, की हे मूल कोणाचे.

अक्काने लेकराचे टोपडे सारखे केले. मी पुन्हा विचारले. तिने लेकराच्या टाळूवर हात ठेवला आणि म्हणाली, "हाऊ पोऱ्या भागाबाईना शे. मी सूपभर बाजरी दिसनी इकत लिधा."

तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला ती असे का म्हणाली ते कळले. मलाही कळले. मी साहेबांकडे वळून ही मूर्तिपूजकांची चाल आहे असे समजावून सांगितले, आणि अक्काला म्हणालो, की उभी राहा, हे मूल माझे आहे असे सांग आणि मंडळीची माफी माग.

ती उभी राहिली. मला वाटले आता सांगेल. ती म्हणाली, "भाऊ, जराखा तुनं नाक चाचपी देख."

माझ्या डाव्या नाकपुडीला बारीक भोक आहे. देवी आल्या होत्या त्याचा तो व्रण, असे मी लहानपणापासून सांगत आलो. माझ्याआधी माझे दोन भाऊ गेले होते. मला माझ्या आईने ह्याच उकिरड्यावर ठेवले होते आणि माझे घरचे नाव दगडू होते. अक्का तेव्हा पाच वर्षांची होती; सूप तिनेच धरले होते. हे सगळ्या गावाला माहीत होते, मलाही आतून माहीत होते, फक्त मी कधी ते मानले नव्हते. मंडळी हसली. पंच हसले. साहेबांनी विचारले की ही काय म्हणाली. पंचांनी त्यांना सांगितले, तेव्हा साहेबही हसले.

साहेब हसले ते मला लागले. बाकी सगळी कारणे मी नंतर शोधली.

मी दौतीत टाक बुडवून लिहिले: "क्रमांक ११४. मूल उखर्डू. आई भागाबाई, जात कोळी, हिंदू. विकत घेतलेले. बाप्तिस्मा दिला नाही." आणि पंचांकडून ठराव करून घेतला की भिकुबाई मंडळीसमोर खरे सांगून माफी मागेपर्यंत तिला प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, घेऊ नये. पंचांनी चौकशी म्हणून भागाबाईलाही बोलावले होते. ती दारातूनच म्हणाली, "माले सापडना, मी इकी टाका. आते माले कसाले इचारतस?" आणि डोक्यावरची माशांची पाटी सावरून निघून गेली. त्या दिवशी चर्चमध्ये खरे बोलल्या त्या ह्या दोघीच, असे मला हल्ली वाटते.

जाण्यापूर्वी साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की रागाच्या भरात लिहिले ते वर्षभरात नीट करून टाका. मी हो म्हटले आणि केले नाही. मला शिकायला पाठवण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

अक्काने त्याच आठवड्यात घर सोडले आणि भागाबाईच्या शेजारी झोपडी घातली. वडील सन १९३६ मध्ये काही न लिहिता वारले होते. आमच्या ख्रिस्ती कायद्याने मुलगा-मुलगी सारखे, म्हणून त्या घरात तिचा अर्धा वाटा होता. तिने मागितला नाही आणि मी दिला नाही. वर्षभराने लेकराला दात आले, चालू लागले, तेव्हा पंचांनी तिला निरोप पाठवला की आता तरी माफी माग. तिने उत्तर पाठवले: "मना पोऱ्या जगना. त्यानी माफी मी कसाले मांगू?" हा निरोप आणणाऱ्याने शब्दशः सांगितला. माझा पोऱ्या जगला, असे; त्यात ती पोऱ्याला माझा म्हणाली होती. पण ते झोपडीत म्हणाली, चर्चमध्ये नाही, म्हणून मी ते धरले नाही. माझी शिस्त अशी होती.

पुढची एकवीस वर्षे ती दर रविवारी आली. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसे, शेजारी उखर्डू. गाणी म्हणे. प्रभुभोजनाची वेळ झाली की उठून बाहेर जाई आणि पायरीवर बसे. हजेरी मी घेत होतो. तिची एकही गैरहजेरी वहीत नाही. उखर्डू माझ्या शाळेत चौथीपर्यंत शिकला. अक्षर चांगले होते. शाळेच्या रजिस्टरात बापाचे नाव लागत असे, आईचे लागत नसे, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. गावात लोक थट्टेने त्याला भागाबाईचा म्हणत. अक्काही बाहेर असली की त्याला "भागाबाईना पोऱ्या" अशीच हाक मारी. तिला भीती होती, इतरांना गंमत. घंटा वाजवण्याचे काम तो पंधरा वर्षांचा असल्यापासून करतो. ते कोणी त्याला दिले नाही. म्हाताऱ्या घंटेवाल्याला दोर ओढवेना, म्हणून याने ओढला.

सन १९६१ च्या फेब्रुवारीत अक्का आजारी पडली. तिने मला बोलावले. मी दुपारी शाळा सुटल्यावर गेलो. उखर्डू औषध आणायला शिरपूरला गेला होता. ती भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "भाऊ, आते तो एकवीस सालना व्हयना. आते मी मना शे म्हनं तं चाली का?"

पोराला माझा म्हणायची तिला परवानगी हवी होती. मंडळीची नाही, तिला वाटले की मी शिकलेला आहे, धोका टळला की नाही हे मला माहीत असेल. मी हो म्हटले असते तर तिने तो शिरपूरहून आल्याबरोबर त्याला सांगितले असते. मी म्हणालो, "पंचांसमोर म्हणावे लागेल."

ती दोन दिवसांनी गेली. मी तिच्याशी हे वाक्य बोललो याची मला लाज वाटते. तीस वर्षे झाली, रोज वाटते. सुनंदाबाईलाही मी हे सांगितले नव्हते.

ठराव कायम होता म्हणून अक्काला दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा मिळाली नाही. पंच तयार होते. वही मी पुढे केली. भिंतीबाहेर नदीच्या बाजूला तिला पुरले. खड्डा उखर्डूने आणि भागाबाईचा मुलगा लोटन याने खणला.

सन १९६८ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला. दुपारी बाराच्या सुमारास पाणी पाचव्या पायरीवर होते. उखर्डूने घंटा वाजवायला घेतली ती चार वाजेपर्यंत थांबला नाही. दोराने त्याच्या तळहाताची साल गेली. कोळीवाडा रिकामा झाला, माणूस एकही गेला नाही. मग पाणी चर्चमध्ये शिरले. मी कपाटाकडे जाऊ शकलो नाही. उखर्डू छातीभर पाण्यातून गेला आणि मंडळीची वही डोक्यावर धरून बाहेर आला. म्हणाला, "मास्तर, ही धरा, कोरडी शे." तो मला मास्तरच म्हणतो, मामा म्हणत नाही, आणि ते बरोबर आहे. ज्या वहीत त्याच्या आईचे नाव नाही ती वही त्याने वाचवली. त्याच दिवशी नदीकाठची दरड कोसळली आणि भिंतीबाहेरची जमीन गेली. अक्काची कबर तिच्यासोबत गेली. भिंतीच्या आतल्या सगळ्या कबरी जागेवर आहेत.

मी त्या दिवशीच नोंद दुरुस्त करायला हवी होती. केली नाही. त्यानंतर तेवीस वर्षे का केली नाही याला कारण नाही. माणूस एकदा ताठला की वाकायचे कसे तेच विसरतो, एवढेच सांगता येईल.

मंडळीचा नियम असा आहे की वहीतली नोंद खोडायची नाही. समासात लाल शाईने दुरुस्ती लिहायची आणि चिटणीस व दोघा साक्षीदारांनी सही करायची. आज रविवार, उपासनेनंतर, सातही घरांच्या समोर मी उभा राहिलो आणि समासात हे लिहिले: "क्रमांक ११४ ची नोंद मी जाणूनबुजून खोटी केली. हा मुलगा भिकुबाई शिमोन आणि निंबा यांचा आहे. भिकुबाईला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा ठराव माझ्या रागामुळे झाला. तो रद्द समजावा. माफी तिने नाही, मी मागतो. पितांबर, चिटणीस." मोठ्याने वाचले. कोणी हसले नाही.

वहीला वाळवी लागते, मंडळ्या बंद पडतात, पूर येतात. म्हणून हेच सगळे इथेही लिहिले. हा कागद सरकारी कचेरीत नोंदवून ठेवावा.

कलम ६. माझी कबर. भिंतीच्या आत सुनंदाबाईच्या शेजारी माझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे. तिथे मला पुरू नये. तिथे भिकुबाईच्या नावाचा दगड उभा करावा. खाली ती नसली तरी चालेल. दगडावर तिचे नाव, तिच्या नवऱ्याचे नाव आणि उखर्डूची आई एवढे कोरावे. मला कुठेही कोपऱ्यात पुरावे, दगड लावू नये. सुनंदाबाई समजून घेईल. तिने माझे याहून अवघड हट्ट समजून घेतले.

कलम ७. घर. चतुःसीमा: पूर्वेस चर्चची भिंत, पश्चिमेस चुडामण पाटील यांच्या वारसांचा गोठा, उत्तरेस बोळ, दक्षिणेस घाटाचा रस्ता. तीन खण, कौलारू, मागे न्हाणी व परसू. या घराबद्दल मला जीवरामने तीनदा विचारले, दोनदा पत्राने आणि एकदा तोंडाने.

गेल्या महिन्यात मी शिरपूरच्या वकिलांकडून कच्चा मसुदा करून आणला. त्यात हे घर उखर्डूला लिहिले होते. अर्धे त्याच्या आईचे होते म्हणून, अर्धे एक्कावन्न वर्षे मी वापरले म्हणून. मी त्याला आणि लोटनला ओसरीवर बोलावले आणि मसुदा वाचून दाखवला. साक्षीदार म्हणून लोटन तयार होता. दुसरा कोण, असा प्रश्न आला. उखर्डू म्हणाला, मी करतो. मी त्याला सांगितले की वकिलांनी बजावले आहे, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर त्याला दिलेले रद्द होते.

 त्याने विचारले, "साक्षीदारले मायनं नाव लिखता येस का?"

मी म्हणालो, येते.

"आनि कागद कचेरीमा ऱ्हास?"

राहतो, म्हणालो. कायमचा राहतो.

"मंग घर ऱ्हाऊ द्या, मास्तर. मी सही करस."

मी चिडलो. म्हणालो, वेड्या, सहीचे काय, आईचे नाव मी कलमात लिहिलेच आहे, हातचे घर घालवू नकोस. लोटननेही त्याला सांगितले, "अरे भो, घर इटास्नं शे, इचार कर." उखर्डू म्हणाला, "मना झोपडावर आवंदाच नवा पत्रा टाकेल शे." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मायनं नाव तुम्ही लिखं, ते तुम्हनं. माले मना हातनं लिखनं शे." मी मसुदा घडी घालून खिशात ठेवला. 

म्हणून मसुदा बदलला. हे घर मी उखर्डूची मुलगी चमेली, वय एकोणीस, हिला देतो. वकिलांना विचारले; साक्षीदाराच्या मुलीला देण्यास हरकत नाही. ती बालवाडी चालवते. ओसरीवर वीस पोरे सहज बसतील. तिच्या बापाला ही गोष्ट आज सही झाल्यानंतर कळेल. त्याने डोके चालवले, तसे थोडे मीही चालवले.

जीवराम, तू रागावशील. तुझा राग माझ्याकडून आला आहे, म्हणून सांगतो, तो फार दिवस सांभाळू नकोस. हे घर तुला नको आहे, घराची किंमत हवी आहे. तुला कोर्टात जायचे असेल तर खुशाल जा. तिथे कलम पाच भर कोर्टात मोठ्याने वाचले जाईल आणि ते वाचले गेले तर मला आनंदच आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी ताईबाई हिने करावी. ती कमी बोलते आणि काम पुरे करते. कपडे, भांडी, चष्मा, काठी यांचे काय करायचे ते तिने ठरवावे. मंडळीची वही माझ्यानंतर चमेलीकडे द्यावी, अशी मी पंचांना शिफारस केली आहे. तिचे अक्षर तिच्या बापासारखे आहे. नवी चिटणीस पहिला प्रश्न विचारताना समोरच्या बाईच्या तोंडाकडे पाहील, असा मला भरवसा आहे.

येथे माझे सांगणे संपले. पाने सहा, प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. जे दिले ते राजीखुशीने दिले. जे आधी द्यायचे राहिले त्याचा दोष माझा आहे, घेणाऱ्यांचा नाही.

ठिकाण: मौजे घाटखेडे, तालुका शिरपूर, जिल्हा धुळे
दिनांक: १७ नोव्हेंबर १९९१, दुपार

सही: पितांबर शिमोन सोनवणे, घरचे नाव दगडू

वरील सही मास्तरांनी आम्हा दोघांच्या देखत केली. त्या वेळी ते शुद्धीवर होते व आमच्या चुका काढत होते. आम्ही त्यांच्या देखत व एकमेकांच्या देखत खाली सह्या करतो.

साक्षीदार पहिला: लोटन पंडित कोळी, वय अठ्ठावन्न, धंदा पूर्वी नावाडी, हल्ली मजुरी, आईचे नाव मयत भागाबाई

साक्षीदार दुसरा: (लिहून ठेवणारा पितांबर याचा खुलासा. दुसऱ्या साक्षीदाराला मी "उखर्डू निंबा, आईचे नाव मयत भिकुबाई" असे लिहायला सांगितले होते. त्याने बराच वेळ घेतला आणि त्याला हवे तसे लिहिले. सब-रजिस्ट्रार साहेबांनी ही चूक समजू नये. सही अशीच ग्राह्य धरावी.)

भिकुबाईना पोऱ्या उखर्डू